समभाग पाणी

"यात घटक काय काय आहेत?" अप्पांनी विचारलं.

त्यांनी बाटलीची मान धरून ती ओसरीच्या खिडकीच्या उजेडात तिरकी केली होती. समोर बसलेले मस्यू, म्हणजे श्रीयुत, मोरिस लाबोर्द खुर्चीतून अर्धवट उठले, पण पाहुण्याने यजमानाचा हात धरायचा नसतो हे फ्रान्समध्येही पाळत असावेत, कारण ते पुन्हा बसले. ती बाटली त्यांनी मुंबईपासून तासगावापर्यंत मांडीवर धरून आणली होती. एस.टी.त कंडक्टर दोनदा म्हणाला, पिशवी वर टाका. त्यांनी दोनदा मान हलवली आणि पिशवी आणखी जवळ घेतली.

"उजू, विचार त्यांना. घटक."

मी विचारलं. स्वतःच्याच लग्नाच्या बोलणीत मुलीने दुभाष्याचं काम करायचं, असा प्रसंग आमच्या आळीत त्याआधी कुणावर आला नसेल. इतर मुली पोह्यांची ताटली घेऊन येतात आणि मान खाली घालून बसतात. मी मान वर करून दोन्ही बाजूंना बोलत होते आणि पोहे आईच आणून ठेवत होती.

हे १९८९च्या डिसेंबरातलं. माझे वडील, वैद्य गुंडो नरहर हुपरीकर, तासगावात आणि आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांत अप्पा वैद्य म्हणून ओळखले जात. घराच्या मागच्या अंगणात त्यांची औषधशाळा होती. त्यांचं द्राक्षासव सांगली-मिरजेपर्यंत जायचं. मी संस्कृत घेऊन एम.ए. करीन अशी त्यांची अपेक्षा होती. मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकून आले. "ठीक आहे, भाषा ती भाषा," एवढंच तेव्हा म्हणाले. त्या भाषेतून जावई येईल हे त्यांच्या कुंडलीत नव्हतं.

एतिएन लाबोर्द बेदाण्याच्या कामासाठी आला होता. आमच्याकडची द्राक्षं कशी वाळवतात ते बघायचं आणि त्यांच्याकडच्या वेलींच्या छाटणीबद्दल इथल्या बागायतदारांना सांगायचं, असं त्याचं दीड वर्षाचं काम होतं. बागायतदारांनी दुभाषी म्हणून मला बोलावलं. पहिले चार महिने मी त्याचं बोलणं मराठीत आणत होते. नंतर तो बागेतल्या गड्यांकडून मराठी शिकला, आणि माझी गरज संपली असं दोघांपैकी कुणीच बोलून दाखवलं नाही. पुढचं काही सांगायला नको.

अप्पा नाही म्हणाले नव्हते. होही म्हणाले नव्हते. "त्याच्या वडिलांना येऊ दे. माणूस बघतो, मग बोलतो," म्हणाले होते. अडचण मुलगा परदेशी असल्याची नव्हती, किंवा तेवढीच नव्हती. अडचण ही होती की लाबोर्द घराणं बोर्दोला चार पिढ्या वाईन करत होतं. आणि आमच्या घरात बाळकाका होते. म्हणजे नव्हते. अप्पांचा हा धाकटा भाऊ दारू पिऊन पिऊन चौतिसाव्या वर्षी गेला, तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्याला उचलायच्या आधी अप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब येणार नाही आणि माझ्या ओठांना तो लागणार नाही. त्यानंतर गावात दारूचं दुकान निघणार होतं, तेव्हा अप्पा तीन दिवस त्याच्या दारात बसून राहिले होते. दुकान निघालं नाही.

हे सगळं एतिएनने वडिलांना पत्रातून कळवलं होतं. तरीही ते बाटली घेऊन आले. "हा उद्धटपणा झाला," आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "शहाळी आणायला काय झालं होतं?" बोर्दोमध्ये शहाळी मिळत नाहीत हे तिला सांगून उपयोग नव्हता.

तर, घटक.

"तीन प्रकारची द्राक्षं," मस्यू लाबोर्द म्हणाले आणि मी सांगितलं. "निम्म्याहून जास्त मेर्लो. मग काबर्ने फ्राँ. आणि थोडीशी काबर्ने सोव्हिन्यों."

"म्हणजे एकच द्रव्य नाही. योग आहे," अप्पा म्हणाले. अनेक औषधं एकत्र केली की वैद्य त्याला योग म्हणतात. "मुख्य द्रव्याचा गुण काय?"

"मेर्लो मऊ असते. अंगावर मांस चढवते."

"दुसऱ्याचा?"

"काबर्ने फ्राँ कणा देते. वासही तिचाच."

"आणि तिसरं? थोडंसंच का?"

मस्यू लाबोर्द पहिल्यांदा हसले. "ती हट्टी आहे. जास्त झाली तर कुणाला बोलू देत नाही. पण ती असली की वाईन लवकर म्हातारी होत नाही."

अप्पांनी मान डोलावली. "एक पुष्टीचं, एक बळाचं आणि एक टिकवणारं. बरोबर आहे." मला जरा बरं वाटलं. अप्पा सहसा कुणाच्या औषधाला बरोबर म्हणत नसत. "पात्र कोणतं?"

"ओकच्या लाकडाचं पिंप. वीस महिने. मग बाटलीत सव्वीस वर्षं."

"सव्वीस!" अप्पांनी बाटली टेबलावर ठेवली, पण आता जपून. आसव जितकं जुनं तितकं चांगलं, असं ते नेहमी सांगत, आणि त्यांच्याकडचं सगळ्यात जुनं सात वर्षांचं होतं. "वास कसा येतो?"

मस्यू लाबोर्द डोळे मिटून सांगू लागले. सुकलेला आलुबुखार. पावसाळ्यानंतरचा झाडाखालचा पाला. जुनं चामडं. सिगार ठेवायचा लाकडी डबा. मी एकेक शब्द मराठीत ठेवत गेले.

"हे पोटात घ्यायचं आहे की माळ्यावर टाकायचं आहे?" अप्पा म्हणाले.

"काय म्हणाले?" मस्यू लाबोर्दनी विचारलं.

"विचार करतायत," मी सांगितलं.

एतिएन खिडकीजवळ उभा होता. त्याला दोन्ही बाजूंचं कळलं होतं, म्हणून तो रस्त्याकडे तोंड करून खोकला. मग वळून अप्पांना म्हणाला, "म्हातारं लई दमलंय वो अप्पा. पर ह्ये सांगायला लागलं की थांबत न्हाई बगा." बागेतल्या गड्यांकडून शिकलेली मराठी ती. वैद्यांच्या घरात त्या मराठीत बोलणारा गोरा मुलगा बघून आईला प्रत्येक वेळी हसू यायचं आणि ती पदर तोंडाशी धरायची.

"थांबू नका म्हणावं," अप्पा म्हणाले. "हे केलं कुणी? योग जमवला कुणी?"

या प्रश्नावर मस्यू लाबोर्दनी जे सांगितलं त्याचं मी थांबत थांबत भाषांतर केलं, कारण तेही थांबत होते.

छप्पन सालच्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे अशी थंडी पडली की वेली खोडापासून फुटल्या. अख्खी बाग गेली. टेकाडावरच्या एका पट्ट्यातली काबर्ने फ्राँ तेवढी वाचली. ती त्यांच्या आजोबांनी लावलेली होती. बाकी सगळीकडे नवी मेर्लो लावली. एकसष्ट साली ती पाच वर्षांची झाली, धरायला लागली, तर मे महिन्यात पुन्हा थंडी आली आणि फुलोरा गळला. द्राक्षं लागली ती थोडीच, पण जी लागली ती अशी की मोरिसनी त्याआधी तशी चाखली नव्हती. तोडणीच्या आठवड्यातच एतिएन जन्मला. पुढच्या फेब्रुवारीत, कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं हे ठरवायची वेळ आली. मोरिसना टेकाडावरच्या जुन्या वेलींची वाईन वेगळी भरायची होती. त्यांची बायको सिमोन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तीस पेले मांडून बसली, मांडीवर चार महिन्यांचं पोर घेऊन. ती म्हणाली, म्हाताऱ्यांना वेगळं काढू नका. पोरांत मिसळा. पोरंही शहाणी होतील आणि म्हातारेही चार दिवस जास्त जगतील.

"त्या वर्षीची वाईन तिची आहे," मस्यू लाबोर्द म्हणाले. "एतिएन तेरा वर्षांचा असताना ती गेली. ही शेवटची बाटली."

आई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

अप्पा बराच वेळ बाटलीकडे बघत होते. मग त्यांनी वैद्याचा शेवटचा प्रश्न विचारला. "कशावर देतात?"

"कशावर नाही. घरची माणसं जेवायला बसली की देतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही आमच्याकडे जेवायला यायचे होते आणि तेव्हाच काय ते ठरणार होतं. डाक बंगल्यावर परत जाताना मस्यू लाबोर्दनी मला तीन सूचना दिल्या आणि त्या अप्पांना शब्दशः सांग म्हणाले. बाटली रात्रभर उभी ठेवा. जेवणाआधी तासभर उघडा. आणि दुसरं काहीही करू नका.

मी शब्दशः सांगितलं. "काहीही"वर जोर दिला.

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी बाटली उचलली आणि घराला बाहेरून वळसा घालून औषधशाळेत नेऊन ठेवली. ओसरीसारखीच औषधशाळाही उंबऱ्याच्या बाहेर होती. मला वाटलं, झालं. उद्या ती तशीच बंद परत करतील, आणि मग पुढचं बोलणं काय होणार ते दिसतच होतं. जो तुमच्या घरचं पाणी घेत नाही त्याच्याशी सोयरीक होत नाही, हे इथेही आणि तिथेही सारखंच.

सकाळी आठ वाजता मी अप्पांचा चहा घेऊन औषधशाळेत गेले. आत नेहमीसारखा गुळाचा आणि आसव आंबवायला घालतात त्या धायटीच्या फुलांचा वास होता. भिंतीशी भाताच्या कोंड्यात पुरलेले रांजण होते. अप्पा पाटावर बसले होते, समोर काचेची मोठी बरणी होती, आणि बसगोंडा, जो माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे औषधं कुटत होता, तो एक मलमलचा तुकडा पिळून दोरीवर वाळत घालत होता. तुकडा जांभळा झाला होता.

बाटली रिकामी होती.

बरणीत जे होतं त्याचा रंग मी आमसुलाच्या सरबताला बघितलेला आहे.

"अप्पा, हे काय केलंत?"

"गाळून घेतलं. केवढा गाळ होता बघ तळाशी. आणि ते भले लोक म्हणतात दुसरं काही करू नका, म्हणजे गाळ पोटात गेला तरी चालेल!"

"बूच लई जुनं हुतं ताई," बसगोंडा म्हणाला. "सळई लावली की भुगाच झाला त्येचा. समदा आत पडला. मग गाळायलाच लागलं की वो."

"पण रंग असा का? अप्पा, पाणी घातलंत?"

"मग? आसव कुणी नुसतं घेतं का? समभाग पाणी. उकळून गार केलेलं घातलंय, कच्चं नाही."

आमच्या घरात जन्मलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. कुठलंही आसव जेवणानंतर घ्यायचं, आणि जेवढ्यास तेवढं पाणी घालून. मी स्वतः लहानपणापासून खोकला झाला की तसंच घेत आले होते. नुसतं आसव घेणं म्हणजे अडाणीपणा. आणि पाण्याशिवाय घेतलं की आसवाची दारू होते, हेही अप्पांच्या मनात पक्कं असणार.

"ती शेवटची होती!" मी ओरडलेच. "त्यांनी सांगितलं होतं, दुसरं काही करू नका!"

"ते शेतकरी आहेत, उजू. पिकवणं त्यांचं काम. द्यायचं कसं हे वैद्याला कळतं." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "बस जरा. चहा ठेव तिकडे. बसगोंडा, तू बाहेर हो."

मी बसले. अप्पांनी बरणीवर झाकण ठेवलं.

"मी पळवाट काढतोय हे तुला कळतंय ना?" ते म्हणाले.

मी दोरीवरच्या जांभळ्या तुकड्याकडे बघत होते.

"रात्री ग्रंथ काढून बसलो होतो. द्राक्षं आहेत, लाकडाचं पात्र आहे, आंबवून केलेलं संधान आहे, कालही भरपूर आहे. शास्त्राप्रमाणे हे आसवच. मला एवढी फट मिळाली. पण पळवाट ती पळवाटच. बाळ्यासमोर मी शब्द दिलाय." ते थांबले. "दारू म्हणून हे माझ्या ओठाला लागणार नाही. औषध म्हणून लागेल. मला एवढंच जमतंय, पोरी. याहून जास्त मागू नकोस."

अप्पा मला कधी पोरी म्हणत नसत. मी चहा तिथेच ठेवला आणि बाहेर आले. त्यांना मी कसं सांगणार होते, की अप्पा, तुम्ही ती वाईन मारून टाकलीत?

एतिएन आणि त्याचे वडील साडेअकराला आले. मी एतिएनला फाटकापाशीच गाठून सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"समदी?" तो म्हणाला.

"सगळी."

तो फ्रेंचमध्ये म्हणाला, "दर वाढदिवसाला एक उघडायचो आम्ही. ही त्यांनी सहा वर्षं ठेवली होती. वाढदिवस आला की काढायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे."

"सांगूया त्यांना आत्ताच?"

"नको. समोर आल्यावर त्यांचं ते ठरवतील." मग मराठीत, "म्हातारं फुडं काय करंल, मला ठावं न्हाई, उज्ज्वला." तो माझं पूर्ण नाव फक्त संकटात घ्यायचा.

पाटावर जेवण होतं. मस्यू लाबोर्दचे गुडघे पाटापेक्षा उंच येत होते, पण त्यांनी खुर्ची नको म्हणून सांगितलं. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी. ते मुकाट्याने सगळं जेवले. मधूनमधून बाटली कुठे दिसते का ते बघत होते. जेवायच्या आधी तासभर उघडायची होती, आणि जेवण तर चालूच झालं होतं. त्यांना वाटत असावं की ती उघडलीच नाही.

हात धुऊन झाल्यावर आईने चांदीच्या वाट्या मांडल्या. लक्ष्मीपूजनाला काढतो त्या. मग अप्पा मागच्या दाराने गेले आणि बरणी घेऊन आले. उंबऱ्याशी एक क्षण थांबले, उजवं पाऊल आत टाकलं आणि आले. आईने डोळे मिटून घेतले होते.

पहिली वाटी त्यांनी पाहुण्यांच्या पुढे ठेवली, दुसरी स्वतःपुढे. मस्यू लाबोर्दनी तिच्यात बघितलं, मग बरणीकडे, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"त्यांना सांग," अप्पा म्हणाले. ते पाठ ताठ करून बसले होते, जसे वैद्य संमेलनात बसत. "सांग, की बूच कुजलं होतं, म्हणून काळजीपूर्वक काढलं."

मी सांगितलं.

"तिहेरी मलमलीतून गाळलं. गाळ टाकून दिला."

मी सांगितलं.

"मग समभाग पाणी घातलं. उकळून, गार करून."

हे वाक्य मी दोन तुकड्यांत सांगितलं. पहिल्या तुकड्यात फक्त "मग" होतं. दुसरा तुकडा बोलून झाल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा तांबूस होता, तो हळूहळू राखाडी झाला. मला वाटलं आता ते उठतील. उठावं, असा त्यांना अधिकार होता. माझ्या वडिलांनी त्यांच्या मेलेल्या बायकोच्या हातचं शेवटचं काहीतरी नळाच्या पाण्यात बुडवलं होतं.

त्यांनी ओठ उघडले. काहीतरी म्हणणार होते, आणि मी ते मराठीत आणायची तयारी केली होती.

मग ते थांबले. त्यांनी माझ्यावरची नजर काढून स्वतःची वाटी उचलली आणि ओठांना लावली. त्यांनी ते पाणी बराच वेळ तोंडात धरलं. डोळे मिटले होते. एतिएनने माझा हात सगळ्यांसमोर धरला आणि मीही काढून घेतला नाही.

"कसं झालंय?" अप्पांनी विचारलं. त्यांची स्वतःची वाटी रिकामी होती.

"त्यांना सांग," मस्यू लाबोर्द डोळे न उघडता म्हणाले, "की वास गेलेला नाही."

मी सांगितलं.

"जाणारच नाही. जुनं आहे ना," अप्पा म्हणाले.

"त्यांना सांग, माझे आजोबा दुपारच्या जेवणात वाईनमध्ये पाणी घालूनच प्यायचे. शेतावर सगळे तसंच प्यायचे. टेकाडावरच्या वेली त्यांनीच लावलेल्या."

"बघ!" अप्पा आईकडे वळले. "शहाणा माणूस होता."

मस्यू लाबोर्दनी रिकामी वाटी पुढे केली. आणखी थोडं मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

अप्पांनी बरणीवर झाकण ठेवलं. "मात्रा एकच. परत संध्याकाळच्या जेवणानंतर."

मी भाषांतर केलं. मस्यू लाबोर्द हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. आईने त्यांना पंचा आणून दिला. अप्पा गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "त्यांना आवडलं."

पंच्याने तोंड पुसून मस्यू लाबोर्द म्हणाले, "लग्न इथे करायचं की तिथे?"

अप्पांनी पंचांग मागवलं.

लग्न तासगावातच झालं, वैशाखात. दोन वर्षं आम्ही इथेच राहिलो, मग बोर्दोला गेलो, कारण एतिएनच्या वडिलांना एकट्याने बाग होईना. त्या दुपारची गोष्ट आम्ही दोघं पुढे कितीदा सांगत राहिलो असू. दोन्ही देशांत ती हमखास हशा मिळवायची. माझा वैद्य बाप, पाणी घातलेली वाईन, मात्रा एकच. मी अप्पांच्या आवाजात सांगायचे, एतिएन वडिलांच्या. शेवटी मी नेहमी म्हणायचे, की अप्पांच्या परवानगीसाठी एका अख्ख्या घराने श्वास रोखून धरला होता.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात मोरिस ऐंशीला आले होते. मी त्यांना तोवर नुसतं मोरिस म्हणायला शिकले होते. तोडणी संपली होती. मोरिस आणि मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उन्हात बसून अक्रोड फोडत होतो. आदल्या रात्री पाहुण्यांपुढे मी ती गोष्ट पुन्हा सांगितली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. मोरिस हसले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तू ती गोष्ट चुकीची सांगतेस," ते म्हणाले.

"कुठे चुकते?"

"परवानगी तुझ्या वडिलांची नव्हती. माझी होती."

मी हातातला अक्रोड तसाच धरला.

"मी तुला नको म्हणायला आलो होतो, उज्ज्वला. मला वाटत होतं तू एतिएनला तिथेच ठेवून घेशील. एवढी बाग, आणि मी एकटा. पण माझ्या तोंडून 'नाही' ऐकून त्याने मला कधी माफ केलं नसतं. मग ते 'नाही' तुझ्या वडिलांच्या तोंडून यायला हवं होतं." ते अक्रोडाची टरफलं एका बाजूला सारत होते. "एतिएनने मला त्यांच्या शपथेबद्दल सगळं लिहिलं होतं. भावाबद्दलही. म्हणून मी बाटली आणली. मला माहीत होतं ते तिला शिवणार नाहीत. मग मी उभा राहणार होतो आणि मोठ्या मानाने सांगणार होतो, की माझ्या बायकोच्या हातचं जे घेत नाहीत त्यांच्याशी आमचं कसं जमेल? एतिएनलाही पटलं असतं. बाटली मी पिशवीत घालून परत नेणार होतो. ती उघडायची नव्हतीच."

"मग तसं म्हणाला का नाहीत?" मी विचारलं. "पाणी घातल्यावर तर म्हणायला आणखी सोपं होतं."

"म्हणणारच होतो. तोंड उघडलं होतं. तू माझ्याकडेच बघत होतीस, तुला आठवत असेल."

"आठवतं."

"तेवढ्यात त्यांनी वाटी उचलली. दोन्ही हातांनी धरली होती आणि तरीही ती थरथरत होती. एवढा धिप्पाड माणूस, गावाला औषध देणारा. थोडं धोतरावर सांडलं. मग त्यांनी काहीतरी म्हटलं, हळू. कुणाचं तरी नाव असावं. आणि एका घोटात सगळं प्यायले, विष प्यावं तसं." मोरिसनी माझ्याकडे बघितलं. "मुलीसाठी जो माणूस एवढा घाबरून माझ्या सिमोनची वाईन पितो, त्याच्या मुलीला मी नाही कसं म्हणणार होतो? मला त्याच्या घरचं पाणी प्यावंच लागलं."

"नाव कुठलं होतं?" मी विचारलं.

"मला कुठे मराठी येत होती? बाळ, असं काहीतरी."

मी तिथेच होते. सगळं भाषांतर माझ्या तोंडून झालं होतं आणि त्या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द मला पाठ आहे, असं मी चौदा वर्षं समजत होते. अप्पांचा हात मला दिसला नव्हता. मी मोरिसच्या चेहऱ्याकडे बघत होते.

अप्पा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.